निवडीआधीची नजर

दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते. १९४५ च्या अखेरीस फ्रेंच तत्त्वज्ञ ज्याँ-पॉल सार्त्र ब्रुसेल्सला व्याख्यानासाठी आला, तेव्हा श्रोत्यांमध्ये सव्वीस वर्षांची एक आयरिश तरुणी होती. पुढे कादंबरीकार आणि तत्त्वज्ञ झालेली आयरिस मर्डॉक तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या ‘उन्रा’ या मदत आणि पुनर्वसन संस्थेत नोकरीला होती. देव नाही, आधीपासून ठरलेला मनुष्यस्वभाव नाही, माणूस स्वतःच्या निवडीतून स्वतःला घडवतो, हे सार्त्रचे म्हणणे त्या काळच्या तरुणांना झपाटून टाकणारे होते. मर्डॉकही भारावली. ती सार्त्रला भेटली, त्याची पुस्तके मिळवून तिने वाचून काढली. पण पुढची जवळजवळ पन्नास वर्षे तिने जो विचार केला, तो या भारलेपणातून हळूहळू बाहेर पडण्याचा होता.

तिचा जन्म १९१९ चा, डब्लिनचा, वाढली लंडनमध्ये. ब्रिस्टलच्या बॅडमिंटन शाळेत आणि पुढे ऑक्सफर्डच्या समरविल कॉलेजात ती होती. या दोन्ही ठिकाणी त्याच सुमारास इंदिरा नेहरूही शिकल्या. ऑक्सफर्डला येताच मर्डॉक कम्युनिस्ट पक्षात गेली. वर्षभरातच युद्ध पेटले, बरीचशी मुले आघाडीवर गेली आणि एरवी मागच्या बाकावर ढकलल्या गेल्या असत्या अशा मुलींना तत्त्वज्ञानाच्या वर्गात मोकळेपणाने बोलता आले. एलिझाबेथ अ‍ॅन्सकोम, फिलिपा फुट, मेरी मिजली आणि मर्डॉक या चौघी त्याच काळातल्या. विसाव्या शतकातल्या इंग्रजी नीतिविचाराची दिशा बदलण्यात या चौघींचा वाटा मोठा आहे.

‘उन्रा’ने तिला ऑस्ट्रियात पाठवले. तिथल्या छावण्यांमध्ये घरदार, देश, कागदपत्रे सगळे गमावलेली माणसे होती. त्यांच्यापुढे निवडीला जागाच फारशी नव्हती; कुठे जायचे, काय खायचे, हे दुसरेच कोणी ठरवत होते. स्वातंत्र्य हाच ज्याचा गाभा आहे असे तत्त्वज्ञान या माणसांविषयी काय सांगणार? १९५३ मध्ये तिने सार्त्रवर छोटेखानी पुस्तक लिहिले. इंग्रजीतल्या त्याच्यावरच्या पहिल्या पुस्तकांपैकी ते एक. त्यात आदर आहे, पण तक्रारही आहे: सार्त्रच्या जगात ‘मी’ आहे, इतिहास आहे, पण समोरचा एखादा विशिष्ट माणूस, त्याच्या सगळ्या आडव्यातिडव्या तपशिलांसह, फारसा कुठे दिसत नाही.

पुढच्याच वर्षी ‘अंडर द नेट’ ही तिची पहिली कादंबरी आली. तिचा नायक जेक ह्यूगो नावाच्या मित्राशी झालेली संभाषणे चोरून पुस्तकात छापतो आणि ह्यूगो आता आपले तोंडही पाहणार नाही अशा खात्रीने त्याला टाळत राहतो. ह्यूगोला राग आलेलाच नसतो. कोण कोणावर प्रेम करतो याचेही जेकचे सगळे आडाखे चुकलेले निघतात. कादंबरी विनोदी आहे, पण पुढच्या साऱ्या विचाराचे बी तिच्यात सापडते. जेकचे निर्णय फसतात, कारण मुळात त्याला समोरची माणसे दिसलेलीच नसतात.

ऑक्सफर्डच्या सेंट अ‍ॅन्स कॉलेजात मर्डॉक १९४८ पासून तत्त्वज्ञान शिकवत होती. ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञानात तेव्हा आर. एम. हेअर यांच्यासारख्यांचा दबदबा होता. वस्तुस्थिती सगळ्यांसाठी एकच. नीतीचा संबंध फक्त तिच्याबद्दल आपण कोणता निर्णय घेतो आणि कोणते तत्त्व सर्वांना लागू करायला तयार होतो याच्याशी, असा त्यांचा एकंदर सूर. पॅरिसचे कॅफे आणि ऑक्सफर्डचे कॉमन रूम एकमेकांना तुच्छ लेखत असले तरी दोघांच्या कल्पनेतला माणूस एकच आहे, निवड करणारा, हे मर्डॉकने ओळखले. १९५६ च्या एका निबंधात ती म्हणते की नैतिक मतभेद असलेली दोन माणसे एकाच जगातून फक्त वेगवेगळ्या गोष्टी निवडत नसतात. त्यांना दिसणारे जगच वेगळे असते.

मग नीट दिसायचे कसे? इथे तिला आधार मिळाला सिमोन वेलचा. तत्त्वज्ञान शिकवता शिकवता रजा घेऊन कारखान्यात मजुरी करायला गेलेली, गीतेसाठी संस्कृत शिकलेली आणि १९४३ मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेलेली ही फ्रेंच बाई. अवधान म्हणजे स्वतःला बाजूला सारून, घाई न करता, समोरच्या वास्तवाची वाट पाहणे, ही कल्पना मर्डॉकने तिच्याकडून घेतली आणि चर्चबाहेरच्या, देव न मानणाऱ्या माणसालाही पेलेल अशी केली.

‘द बेल’ (१९५८) या कादंबरीत ही कल्पना चालतीबोलती होते. लग्नाला वैतागलेली डोरा एका धार्मिक वसाहतीतून पळून लंडनला येते आणि नॅशनल गॅलरीत शिरते. गेन्सबरोने आपल्या दोन मुलींचे, फुलपाखरामागे धावतानाचे, चित्र काढले आहे. ती त्याच्यापुढे उभी राहते. हे चित्र तिने पूर्वी कितीदा पाहिलेले असते. आज मात्र तिला जाणवते, की माझ्या रडगाण्याशी काहीही देणेघेणे नसलेले, माझ्या मनाने गिळून टाकता न येणारे असे काहीतरी जगात आहे. तिचा एकही प्रश्न तिथे सुटत नाही. पण ती वसाहतीत परत जाते.

मर्डॉकचे सर्वांत गाजलेले उदाहरण मात्र तत्त्वज्ञानाच्या निबंधातले आहे आणि मराठी वाचकाला ते समजावून सांगायची गरज नाही, कारण ते सासू-सुनेचे आहे. १९६४ च्या या निबंधातल्या सासूला वाटते, मुलाने आपल्या तोलाची मुलगी केली नाही. सून मनाने बरी, पण जरा गावंढळ, आगाऊ, सदा पोरकट. सासू घरंदाज आहे. वागण्यात ती तसूभरही कमी पडत नाही, चेहऱ्यावर काही दिसू देत नाही. उदाहरण घट्ट करण्यासाठी मर्डॉक म्हणते, समजा सून परदेशी गेली आहे किंवा वारली आहे. म्हणजे आता जे व्हायचे ते फक्त सासूच्या मनात. काळ जातो. सासू स्वतःला बजावते की मी जुन्या वळणाची आहे, माझे मन कोते असेल, मत्सर तर आहेच. जरा पुन्हा पाहू. पुन्हा पाहता पाहता गावंढळपणा साधेपणा वाटू लागतो, आगाऊपणात मोकळेपणा दिसतो, पोरकटपणात तारुण्याचा उत्साह.

बाहेर काहीही घडलेले नाही. कृती नाही, निर्णय नाही, एखादा शब्दही नाही. तरी या बाईने काहीतरी केले आणि ते नैतिकदृष्ट्या मोलाचे होते, हे नाकारता येईल का? सार्त्र आणि हेअर या दोघांच्या चौकटीत या कामाला जागा नाही, असा मर्डॉकचा दावा होता. निवडीचा क्षण येतो तेव्हा बरेचसे काम आधीच उरकलेले असते. रोज, नकळत, आपण कशाकडे कसे पाहत आलो त्यातून.

हा निबंध आणखी दोन लेखांसह १९७० मध्ये ‘द सॉव्हरिन्टी ऑफ गुड’ या शंभरेक पानांच्या पुस्तकात आला. नीट पाहण्यातला अडथळा कोणता, याचे उत्तर त्यात स्पष्ट आहे: आपला सदा भुकेला अहंकार, जो स्वतःची समजूत घालण्यासाठी अखंड कल्पनाचित्रे विणत असतो. अपमान उगाळत खिडकीशी बसलेल्या माणसाला बाहेर आकाशात तरंगणारा ससाणा दिसतो आणि क्षणभर फक्त ससाणाच उरतो, हे तिचे उदाहरण याच पुस्तकातले. रशियन शिकण्याचेही. भाषेचे व्याकरण आपल्या मर्जीने वाकत नाही. त्याच्यापुढे नम्रच व्हावे लागते. देव मानत नसतानाही प्लेटोच्या ‘शिव’ (‘गुड’) या कल्पनेकडे ती वळली ती यामुळेच.

मुंबईत वर्षानुवर्षे व्याख्याने देणाऱ्या जे. कृष्णमूर्तींशी तिचा १९८४ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रॉकवूड पार्कला संवाद झाला. ‘मी’ हेच दुःखाचे मूळ आणि अवधान हाच उपाय, इथवर दोघांचे जमते. पण कृष्णमूर्तींना क्रमाक्रमाने होणारे परिवर्तन मान्य नव्हते. मर्डॉकची सासू मात्र हळूहळूच बदलते.

या विचाराची सर्वांत कठोर परीक्षा घेतली ती कादंबरीकार मर्डॉकने. १९७८ चे बुकर मिळवणाऱ्या ‘द सी, द सी’मध्ये चार्ल्स अ‍ॅरोबी हा निवृत्त नाट्यदिग्दर्शक समुद्रकाठी राहायला येतो. तिथे त्याला आपली किशोरवयातली प्रेयसी भेटते, आता उतारवयात आलेली, संसारात असलेली. ती नाही म्हणत असताना तिला ‘वाचवण्यासाठी’ तो घरात कोंडून ठेवतो. चार्ल्स रात्रंदिवस तिच्याकडेच लक्ष लावून असतो. पण त्याला दिसते ते त्याच्या आठवणीतले चित्र. आपण प्रेमाने पाहत आहोत अशी खात्री असलेला माणूस किती आंधळा असू शकतो, हे पाचशे पानांत उलगडत जाते.

इथे सासू-सुनेच्या उदाहरणातली उणीव डोळ्यांत भरते. त्यातली सून एकदाही बोलत नाही. आपल्या जात्यावरच्या ओव्यांमध्ये सासुरवासाची जी दुसरी बाजू ऐकू येते, तिला या निबंधात जागा नाही. सासूची नवी नजर न्याय्य आहे की तीही एक सोयीची समजूत आहे, हे सुनेला विचारल्यावाचून कसे कळणार? काही जण याला आत्मवंचना म्हणतील, एवढे मर्डॉकनेही तिथेच नोंदवले होते; पण नजर न्याय्य आहे असे गृहीत धरून ती पुढे गेली. शिवाय सासूची नजर बदलेपर्यंत सुनेने काय करायचे?

याचे उत्तर तिने दिले, पण उशिरा. एडिंबरातल्या गिफर्ड व्याख्यानांवरून तिने १९९२ मध्ये ‘मेटाफिजिक्स अ‍ॅज अ गाइड टु मॉरल्स’ हा जाडजूड ग्रंथ सिद्ध केला. माणसाने आतून सुधारत जाणे हे एक आणि सार्वजनिक जीवनातले हक्क हे दुसरे, अशी फोड तिने त्यात केली. हक्क हे तडजोड न करता धरून ठेवायचे दंडक. ते कुणाच्या अंतःकरणाच्या प्रगतीवर सोडायचे नाहीत. कम्युनिस्ट म्हणून सुरुवात केलेल्या लेखिकेचे हे शेवटचे राजकीय मत.

शेवटची, सव्विसावी कादंबरी १९९५ मध्ये आली. तिच्यावर काम करताना तिला शब्द सापडेनासे होऊ लागले होते. पुढे अल्झायमरचे निदान झाले. ८ फेब्रुवारी १९९९ रोजी ऑक्सफर्डला तिचे निधन झाले. नीतिविचारात तिची जागा पक्की झाली आहे ती अवधानामुळे, पण त्यासोबत १९९२ ची फोड न वाचणे म्हणजे तिला अर्धेच वाचणे होय. नव्या वाचकाने या जाड ग्रंथाला मात्र आधी हात लावू नये. आधी ‘द बेल’ वाचावी, मग १९६४ चा निबंध, आणि त्यानंतर ‘द सी, द सी’.