डोक यांचं घर आणि परचुरे कुटी

१० फेब्रुवारी १९०८ च्या सकाळी गांधीजी जोहान्सबर्गच्या नोंदणी कचेरीकडे निघाले होते. हिंदी लोकांनी स्वेच्छेने नोंदणी करावी, असा समझोता ट्रान्सव्हाल सरकारच्या जनरल स्मट्सशी नुकताच झाला होता आणि काही पठाणांना तो उघड दगा वाटला होता. मीर आलम आणि त्याच्या साथीदारांनी भररस्त्यात लाठ्या चालवल्या. गांधीजी शुद्धीवर आले तेव्हा ते कुणा परक्याच्या कचेरीत पडलेले होते. ओठ आणि गाल फाटले होते, बरगड्या ठणकत होत्या. वाकून त्यांच्याकडे पाहणारा माणूस होता रेव्हरंड जोसेफ डोक, एक बाप्टिस्ट पाद्री. दोघांची ओळख जेमतेम काही आठवड्यांची. पोलीस जखमीला इस्पितळात हलवायला तयार होते. डोक यांनी मात्र विचारलं, माझ्या घरी येता का? माझी बायको आणि मी तुमचं सगळं पाहू.

पुढचे दहा-एक दिवस त्या घरात काय झालं, हे गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेतल्या सत्याग्रहाच्या इतिहासात सविस्तर लिहिलं आहे. तो इतिहास त्यांनी येरवड्याच्या तुरुंगात लिहायला घेतला, म्हणजे मारहाणीला पंधरा वर्षं लोटल्यावर. तरी बारीकसारीक गोष्टी जशाच्या तशा आठवत होत्या. रात्री घरातलं कुणी ना कुणी जागं राहायचं. गालाला टाके घातलेले, डॉक्टरांनी बोलायला बंदी केलेली. म्हणून गांधीजींनी चिठ्ठी लिहून डोक यांची मुलगी ऑलिव्ह हिला ‘लीड, काइंडली लाइट’ म्हणायला सांगितलं, आणि त्या पोरीने दाराशी उभं राहून ते हलक्या आवाजात म्हटलं. भेटायला येणाऱ्यांची रीघ वेगळीच. टोपली घेऊन फिरणारा मळक्या कपड्यांतला फेरीवाला आणि बडा व्यापारी, दोघांनाही डोक दिवाणखान्यात बसवायचे.

मला या हकिकतीत शुश्रूषेपेक्षा तो दिवाणखाना महत्त्वाचा वाटतो. ट्रान्सव्हालमधला तो काळ आठवावा. डोक ज्यांच्यापुढे प्रवचन करायचे ती मंडळी गोरी, त्यांचा चरितार्थ त्या मंडळींवर. हिंदी माणसाला घरात निजवायचं आणि त्याच्या भेटीला येणाऱ्या साऱ्या हिंद्यांना पुढच्या दाराने आत घ्यायचं, यात शेजारीपाजारी आणि चर्च या दोन्हींचा रोष ओढवण्याचा धोका होता. डोक यांनी तो समजून उमजून पत्करला. पुढे १९०९ मध्ये त्यांनी गांधीजींचं पहिलं चरित्रही लिहिलं.

हे उपकार फेडायचे कसे? डोक १९१३ च्या ऑगस्टमध्ये आफ्रिकेतच आजारपणात वारले. गांधीजी हिंदुस्थानात परतायच्याही आधी. ज्याचं देणं तोच गेला.

परदेशी गेलेल्या माणसावर केलेल्या उपकाराची अडचण बहुधा हीच असते. आता आमच्या वर्ध्यातली मुलंही शिकायला, नोकरीला दूरदेशी असतात. एखादा बर्फावर पाय घसरून पडतो, कुणी अनोळखी बाई त्याला आपल्या गाडीतून दवाखान्यात नेते, रात्रभर शेजारी बसते आणि सकाळी निघून जाते. इकडे आईच्या जिवाला चैन नसतं. साडी पाठवू का, फराळाचा डबा पाठवू का, पण कुणाला पाठवू? तिची ही तळमळ खरी असते. तरी साडीने आणि डब्याने ते देणं फिटत नाही, आणि ते तिलाही कळत असतं.

गांधीजींनी आपलं देणं कसं फेडलं, ते वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात दिसतं. तिथे येणारी माणसं बापू कुटीत बसतात, मग आदि निवास, बा कुटी पाहतात आणि निघतात. परचुरे कुटीपाशी फार कुणी थांबत नाही. परचुरे शास्त्री संस्कृतचे विद्वान. त्यांची आणि गांधीजींची ओळख येरवड्याच्या तुरुंगातली. कुष्ठरोगामुळे तिथे त्यांना वेगळं ठेवलं होतं. १९३९ मध्ये ते सेवाग्रामला आले. सल्फोनची औषधं अजून यायची होती, चौलमुग्रा तेलापलीकडे फारसा उपाय नव्हता. आश्रमात इतर माणसं होती आणि संसर्गाची भीती अगदी खरी होती. तरी गांधीजींनी त्यांना ठेवून घेतलं, आपल्या कुटीजवळ त्यांच्यासाठी झोपडी बांधवली आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालिश केलं.

डोक यांच्या घरी शुश्रूषा शिकून गांधीजींनी ती सेवाग्रामला केली, असं म्हणणं चुकीचं ठरेल. बोअर युद्धात त्यांनी जखमींना वाहून नेणारं पथक उभं केलं होतं, डर्बनच्या छोट्या धर्मार्थ दवाखान्यात ते रोज काही वेळ काम करत. ही सगळी १९०८ च्या आधीची गोष्ट. त्याच डर्बनमध्ये एक कुष्ठरोगी त्यांच्या दारी आला होता. त्यांनी त्याला आसरा दिला, जखमा धुतल्या, पण कायमचं ठेवून घ्यायची ऐपतही नव्हती आणि मनाची तयारीही नव्हती. म्हणून गिरमिटियांच्या सरकारी इस्पितळात त्याला पाठवलं, असं त्यांनी आत्मचरित्रात सरळ लिहिलं आहे. मनात दया होती, हात सेवेला सरावलेले होते, तरी झळ सोसून घर उघडं ठेवणं जमलं नव्हतं. ते डोक यांनी करून दाखवलं. १९३९ मध्ये गांधीजींनी तेच केलं, आणि सोबत धोकाही पत्करला. माझ्या लेखी डोक यांचं देणं फिटलं असेल तर ते इथे. उपकार करणाऱ्याने जेवढी झळ सोसली, तेवढी आपण कुणासाठी तरी सोसल्याशिवाय देण्याघेण्याचा हिशेब जुळत नाही. नुसती कृतज्ञता फार स्वस्त पडते.

वर्धा जिल्ह्यात ही समज गांधीजींपुरती राहिली नाही. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्येच दत्तपूरला कुष्ठरोग्यांसाठी काम उभं केलं होतं, तेही त्या रोगाचं नाव काढायला लोक धजत नव्हते तेव्हा.

परक्या जखमीला आधार देण्याची वेळ आजही येते. समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून जातो आणि अपघाताच्या बातम्या नेमाने येतात. जखमीला उचलणाऱ्याला पोलिसांनी छळू नये, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मार्गदर्शक नियम बंधनकारक केले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात हेच संरक्षण देणारं १३४-अ हे कलम आलं. जखमीला वेळेत दवाखान्यात पोचवणाऱ्याला केंद्र सरकार आता २५,००० रुपये देतं. कायद्याचं संरक्षण हवंच होतं, त्यात किंतु नाही. बक्षिसाने जीव वाचत असतील तर तेही द्यावं. पण रुग्णवाहिका निघून गेल्यावरचं काम त्या योजनेत बसत नाही. नातेवाइकाला फोन लावून देणं, रात्र काढायला जागा देणं, चार दिवसांनी पुन्हा चौकशी करणं, यावर कोणतं सरकार बक्षीस ठेवणार?

आणि परका माणूस शोधायला जोहान्सबर्गपर्यंत जायला नको. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात यवतमाळ-चंद्रपूरचे रुग्ण येतात, तेलंगणातले येतात, मध्य प्रदेशातलेही येतात. ज्याला मराठी कळत नाही असा एखादा तेलुगू बाप हातात कागद घेऊन या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरत असतो. सोबत बायको, एक पिशवी आणि रात्री अंथरायला चादर. मुलाला कुणा अनोळखी बाईने परदेशात जपलं म्हणून जिच्या जिवाला चैन नाही, त्या आईने फराळाचा डबा इथे आणावा. आणि नुसता डबा देऊन परतू नये. आपल्याकडे एक खोली रिकामी असते, ती त्या दोघांना उघडून द्यावी.