फोन काढून घेण्याचा अधिकार

शाळेच्या वेळेत विद्यार्थ्यांच्या हाती स्मार्टफोन नसावा, हे आम्हाला मान्य आहे. वर्गातले लक्ष ही सामाईक चीज आहे. एकाचा फोन वाजला की सगळ्यांचा धडा तुटतो. पण फोन काढून घेताना आपली नियत काय असते, याची चर्चा होत नाही.

दुधनीचेच घ्या. अक्कलकोट तालुक्यातले, कर्नाटकाच्या वेशीवरचे हे बाजाराचे गाव. इथे कित्येक मुलांची घरची बोली कन्नड किंवा दखनी आणि शाळेची भाषा मराठी. पुस्तकातला शब्द अडला तर सांगायला घरात कोणी असेलच असे नाही. अशा मुलाला फोन म्हणजे नुसता खेळ नव्हे. याच सोलापूर जिल्ह्यात, परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत, रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. त्या कामासाठी २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी मार्चमध्ये शाळा बंद पडल्या आणि मुलाला फोन द्या, असे शाळांनीच पालकांना सांगितले. उसनवारी करून फोन घेणाऱ्या बापाला आज तीच वस्तू गुन्ह्याची आहे असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

मशिदीत फोन बंद ठेवण्याची पाटी असते. तिचा कोणाला अपमान वाटत नाही, कारण ती इमामसाहेबांनाही लागू असते. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायचे ठरवले, तेव्हा तो नियम घरातल्या मोठ्यांसाठीही होता. शाळेत मात्र फळ्याकडे पाठ करून मोबाईल पाहणारे गुरुजी मुलांना रोज दिसतात. (गुरुजींचाही नाइलाज असतो, सरकार हजेरीपासून पोषण आहारापर्यंतची माहिती त्याच फोनवर मागते.)

दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सरसकट बंदी अव्यवहार्य ठरवली आणि शक्य असेल तिथे शाळेत शिरताना फोन जमा करून घ्यावा, असे सुचवले. जमा केलेली वस्तू ही अमानत असते. ती उघडून पाहण्याचा, त्यातले निरोप वाचण्याचा हक्क सांभाळणाऱ्याला नसतो. इथेच आमची खरी धास्ती आहे, आणि ती मुलींसाठी आहे. केरळमध्ये कोळिकोडजवळच्या एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात मुलींना संध्याकाळी ६ ते रात्री १० फोनबंदी होती. फहीमा शिरीन या विद्यार्थिनीने ती मानली नाही आणि तिला वसतिगृहातून काढले गेले. २०१९ साली केरळ उच्च न्यायालयाने तिला परत घ्यायला लावले. इंटरनेट हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले.

आपल्याकडच्या मुलीला कोर्ट दूरच. तिचा फोन सापडतो, शाळा बापाला बोलावते, बाप चारचौघांत मान खाली घालतो, आणि पुढच्या महिन्यात स्थळे पाहायला सुरुवात होते. मुलाचा फोन सापडला तर दोन रट्ट्यांवर भागते. नियम एकच, शिक्षा मात्र वेगवेगळी. म्हणून दुधनीतल्या काय, कुठल्याही शाळेने फोन सकाळी जरूर घ्यावा. पण शेवटची घंटा झाली की तो न उघडता त्या मुलीच्याच हातात परत द्यावा.