ऐकलेलं पाझरू नये

आळंदला आमचं किराणा दुकान आहे. दुपारी हे जेवून आडवे झाले की दोन तास गल्ल्यावर मी बसते. पूर्वी उधारीची लाल वही होती. दोन वर्षांपूर्वी मुलानं मोबाईलवर खातं ठेवायचं ॲप घालून दिलं. गेल्या पावसाळ्यात ते मध्येच आपोआप बंद पडायला लागलं. बंद पडलं की एक चौकट यायची, ‘अहवाल पाठवायचा का?’ गिऱ्हाईक समोर उभं, तूरडाळ तराजूत. मी ‘पाठवा’ दाबून मोकळी व्हायची. चूक सांगितली तर दुरुस्ती होईल, त्यात वाईट काय?

दिवाळीला बेंगळुरूहून भाचा आला. तो याच कामातला. म्हटलं, बघ रे जरा. अहवालाची प्रत फोनमध्येच राहिली होती, ती त्यानं उघडली. “मावशी, याला क्रॅश लॉग म्हणतात. ॲप कोसळलं त्या क्षणी काय चाललं होतं त्याची नोंद.” वेळ, फोनचं मॉडेल, प्रोग्राम कोणत्या ओळीवर अडला, असलं बरंच होतं. मला त्यातलं काही उमगलं नाही. एक ओळ मात्र उमगली. आमच्या गल्लीतल्या एका बाईचं नाव, तिचा नंबर आणि बाकी ३,४०० रुपये.

ही बाई घरात न सांगता उधारीनं नेते. मुलांच्या पोटासाठी नेते आणि शिवणकामाच्या पैशातून फेडते. पहिल्याच दिवशी म्हणाली होती, “अक्का, हे तुमच्या-माझ्यात.” मी ते कधी जिभेवर येऊ दिलं नाही. बोटानं मात्र कितीदा पाठवून दिलं, कोण जाणे!

भाचा म्हणाला, यात बनवणाऱ्याचा हेतू वाईट असतोच असं नाही. दोष शोधायला सोपं जावं म्हणून सगळंच टिपून ठेवतात, आणि नको ते गाळायचं राहून जातं. मोठ्यांचंही असं होतं. मे २०१८ मध्ये ट्विटरनं आपल्या ३३ कोटींहून जास्त वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायला सांगितलं. झाकून ठेवायचे पासवर्ड एका चुकीमुळं कंपनीच्या आतल्याच लॉगमध्ये उघडे लिहिले जात होते. कुणी गैरवापर केल्याचं दिसलं नाही, असं कंपनीनं सांगितलं. पण कुलूप दाराला आणि किल्ली वहीत डकवलेली, अशातली गत.

मला छळणारा प्रश्न वेगळाच आहे. परवानगी मी दिली, पण ती द्यायचा हक्क माझा होता का? आपल्याच कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी आधारच्या प्रश्नावर २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टात गेले. त्याच प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ च्या माहिती-संरक्षण कायद्यातही तत्त्व हेच, की ज्याची माहिती त्याची संमती, आणि तीही कामापुरतीच. इथं त्या बाईला कुणी विचारलं होतं? कंपनीनं नाही, आणि मीही नाही.

मग काय, अहवाल पाठवूच नये? तसंही म्हणता येत नाही. वैद्यापासून दुखणं लपवलं तर औषध कुठून मिळणार? आपल्याकडं आलोचनेत गुरूपुढं दोष लपवणं हाही दोषच मानलाय. पण आलोचना आपल्या दोषांची करायची, शेजारणीच्या घरची नाही. आणि ऐकणाऱ्यालाही अट आहे. ‘भगवती आराधने’त आचार्यांचे गुण सांगताना एक शब्द येतो, अपरिस्रावी. म्हणजे ऐकलेलं ज्याच्याकडून बाहेर पाझरत नाही तो. पाठशाळेत हा शब्द मी नुसता पाठ केला होता. त्याचा अर्थ गल्ल्यावर बसून कळला. दोष ऐकणाऱ्या कंपन्यांनीही अपरिस्रावी असायला हवं. आणि त्यांच्याआधी उधारीची वही सांभाळणाऱ्या मी.

भाच्यानं अहवाल आपोआप जाणं बंद करून दिलं. आता ॲप अडलं तर मी कंपनीला माझ्या शब्दांत लिहिते, ‘जमा रक्कम घालताना बंद पडतं.’ कुणाची जमा, ते लिहीत नाही. आधी गेलेले अहवाल पुसून टाका, असंही कळवलंय. उत्तर अजून नाही.

चार दिवस मनाशी झगडले आणि शेवटी त्या बाईला सांगितलं. ती म्हणाली, “आमच्या घरात कुणाला कळलं नाही ना? मग राहू द्या, अक्का.” मी क्षमा मागितली, तिनं हसून दिली. पण आता ती उधारीला येत नाही. रोख असेल तेवढंच नेते. तिच्या पिशवीत डाळ कमी दिसते, आणि त्या पिशवीकडं बघताना मला मान वर करवत नाही.