शोक ओसरल्यानंतरचे ऐक्य

मोठा आघात झाला की समाज एकवटतो, हे आपण अनेकदा पाहिले आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईवर हल्ला झाला, त्यात 166 जणांचा बळी गेला. आठवडाभरातच, 3 डिसेंबरला, गेटवे ऑफ इंडियापाशी हजारो लोक जमले. हातात मेणबत्त्या होत्या, मनात दुःख होते आणि राज्यकर्त्यांविषयी संतापही. पाच महिन्यांनी, 30 एप्रिल 2009 रोजी, लोकसभेसाठी मतदान झाले. हल्ला झालेली ताज आणि ट्रायडंट हॉटेले व नरिमन हाउस ज्या दक्षिण मुंबई मतदारसंघात येतात, तिथे जेमतेम 40 टक्के मतदारांनी मतदान केले. गेटवेला आलेले आणि मतदानाला न गेलेले एकच होते, असे कुणी म्हणू शकणार नाही. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुटी होती, मतदारयाद्यांतले घोळही नेहमीचेच. तरीही एवढे खरे, की त्या संतापाचे बळ मतपेटीपर्यंत टिकले नाही. दुःखाने माणसे एकत्र येतात. पण त्यांना एकत्र ठेवते ते रोजचे कर्तव्य, असे माझे ठाम मत आहे.

हल्ल्याच्या रात्रीच याचा पुरावा मिळाला होता. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार सुरू असताना रेल्वेचे उद्घोषक विष्णू झेंडे माइकपासून हलले नाहीत. प्रवाशांनी कुठून बाहेर पडावे, हे ते सांगत राहिले. गिरगाव चौपाटीजवळच्या नाकाबंदीत सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हल्लेखोर कसाबच्या रायफलची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली. गोळ्या अंगावर झेलल्या, पण पकड सोडली नाही. त्यामुळेच तो जिवंत सापडला आणि कटाचा उलगडा होऊ शकला. समोरचा माणूस कोणत्या प्रांताचा, कोणत्या धर्माचा, हा प्रश्न दोघांच्याही कामात उद्भवतच नव्हता. राष्ट्रीय ऐक्य म्हणतात ते प्रत्यक्षात असे दिसते: आपल्या वाट्याचे काम, सर्वांसाठी सारखे.

यावर कुणी म्हणेल, की सुरक्षा ही सरकारची जबाबदारी, ती नागरिकांच्या गळ्यात का मारायची? आक्षेप रास्त आहे. पोलिसांच्या तयारीतल्या त्रुटी हल्ल्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या राम प्रधान समितीनेही दाखवून दिल्या होत्या. पण अहवाल स्वतःहून अमलात येत नाहीत. शस्त्रे आली का, सराव होतात का, किनाऱ्यावरच्या गस्तीच्या नौका चालू आहेत का, हे विचारणारे कुणी नसेल तर कागद कपाटातच राहतो. सरकारला जबाबदार धरणे हेच तर नागरिकाचे कर्तव्य, आणि ते एका संध्याकाळी उरकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक भावनिक आहे: संकटकाळात प्रश्न विचारल्याने एकजूट भंगते. अशाच भावनेतून त्या वेळी मुंबईतल्या वकिलांच्या एका संघटनेने कसाबचे वकीलपत्र न घेण्याचा ठराव केला होता. त्यामागची वेदना समजण्यासारखी होती. तरीही न्यायालयाने त्याला वकील दिला, खटला रीतसर चालला आणि 29 ऑगस्ट 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली. त्याच निकालात दोन भारतीय सहआरोपींची निर्दोष मुक्तताही कायम झाली, कारण त्यांच्याविरुद्धचा पुरावा न्यायालयाला विश्वासार्ह वाटला नाही. संतापाच्या लाटेत हे दोघे सहज भरडले गेले असते. ते निर्दोष ठरले म्हणून देश दुबळा झाला नाही. पुराव्याशिवाय आपल्याला कुणी दोषी ठरवणार नाही, हा भरवसा प्रत्येक समाजाला वाटला तरच हा देश त्याला आपला वाटतो. म्हणून शंका विचारणारा शेजारी फुटीर ठरत नाही. केवळ धर्मावरून शेजाऱ्याकडे बोट दाखवणारा मात्र हल्लेखोरांना हवे तेच करतो.

श्रद्धांजली वाहावीच; तो मृतांचा मान आहे. पण त्यांचे ऋण फेडायचे तर मतदार म्हणून, साक्षीदार म्हणून, करदाता म्हणून आणि शेजारी म्हणून आपल्याला वर्षानुवर्षे हजर राहावे लागेल, कॅमेरे निघून गेल्यावरही.