परहस्तें हिंसा

आंब्याची पेटी घरांत आली म्हणजे अलीकडे सुशिक्षित कुटुंबांत पहिला प्रश्न गोडीचा निघत नाहीं, "औषध मारलेलें नाहीं ना?" हा निघतो. विक्रेत्यानें "नाहीं" म्हटलें, आणि बागेंत सापळे लाविले होते किंवा मित्रकीटक सोडले होते असें सांगितलें, कीं घेणाऱ्याच्या मुद्रेवर जें समाधान दिसतें तें केवळ आरोग्याचें नसतें. आपल्या फळापायीं कोणाचा जीव गेला नाहीं, अशी एक धार्मिक छटा त्यांत असते. विषाविषयींची भीति मला योग्य वाटते. ह्या दुसऱ्या समाधानाविषयीं मात्र माझा वाद आहे.

पपईचें उदाहरण घेऊं. २००८ सालीं कोइमतूरच्या परिसरांत पपईच्या झाडांवर कापसासारखा पांढरा थर दिसूं लागला. हा पिठ्या ढेकूण मूळचा मेक्सिको व मध्य अमेरिकेकडील. जन्मभूमींत तो कोणाच्या खिजगणतींत नव्हता. शास्त्रज्ञांनीं त्याला नांव दिलें तेंच मुळीं १९९२ सालीं. इकडे मात्र पपईबरोबर तुती आणि टॅपिओकाहि त्यानें ग्रासलीं, आणि दोन वर्षांच्या आंत तो पुण्याकडेहि येऊन पोहोंचला. अंगावर मेणचट पिठाचें आवरण असल्यामुळें फवारा त्याला नीट भिडत नाहीं. आणि जीं विषें भिडतात तीं त्याला खाणाऱ्या किड्यांनाहि मारतात. शत्रूवर तरवार चालवितांना शेतकरी आपलेच शिपाई कापीत होता.

मायदेशीं हा कीटक निरुपद्रवी कां होता? तेथें त्याचा वैरी त्याच्या शेजारीं नांदत होता, म्हणून. तो वैरी आणावयाचें ठरलें. २०१० सालीं बंगळूर येथील कृषि-कीटकांच्या राष्ट्रीय संस्थेनें अमेरिकेच्या कृषिखात्याच्या साहाय्यानें पोर्टो रिकोहून तीन जातींच्या परोपजीवी माश्या मागविल्या. त्यांपैकीं ॲसेरोफॅगस पपाये ही एवढीशी, कीं डोळ्यांना जेमतेम दिसावी. ती पिठ्या ढेकणाच्या शरीरांत अंडें घालते; अंड्यांतून निघालेली अळी त्याला आंतून खात वाढते; शेवटीं त्याचें वाळकें कवच उरतें आणि त्याला वाटोळें भोंक पाडून नवी माशी बाहेर पडते. थोड्याच काळांत रोग आटोक्यांत आला, बागा सावरल्या. विषाचा एक थेंबहि न सांडतां हें घडलें, ह्याबद्दल त्या संशोधकांचे उपकार मानावे तेवढे थोडेच. परंतु ह्याला अहिंसा म्हणतां येईल काय?

आपल्या संतांना प्रिय असलेला भिंगुरटीचा दृष्टांत येथें आठवतो. कुंभारीण माशी अळी आणून मातीच्या घरट्यांत कोंडते. अळी भयानें तिचेंच ध्यान करते आणि ध्यानाच्या बळानें स्वतः भिंगुरटी होऊन उडून जाते, अशी समजूत. प्रत्यक्षांत माशी अळीला डंख मारून निश्चेष्ट करते आणि आपल्या पिलाची शिदोरी म्हणून ठेवते. बाहेर येते ती माशीची लेंक, अळी नव्हे. दृष्टांताच्या अर्थास ह्यामुळें बाध येत नाहीं. पण शतकानुशतकें आपण एका भक्षणाकडे पाहून त्यांत मोक्ष पाहिला, आणि 'मित्रकीटक' ह्या गोड शब्दांत आज पुन्हां तीच गोष्ट घडत आहे. मित्र तो आपला; पिठ्या ढेकणाचा नव्हे.

कोंकणांतील आंब्याची गोष्ट याहून नाजूक आहे. फळमाशीची मादी तयार होत आलेल्या फळाच्या सालीखालीं अंडीं घालते, आणि बाहेरून निर्मळ दिसणारा हापूस कापल्यावर आंत अळ्या वळवळतात. २०१४ च्या मे महिन्यापासून युरोपीय संघानें भारतीय आंब्याची आयात बंद केली होती ती ह्याच माशीमुळें; पुढल्या वर्षीं ती बंदी उठली. ह्या माशीचे नर मिथाइल युजेनॉल नांवाच्या द्रव्याच्या वासानें वेडे होतात, हा शोध पुसा येथील कीटकशास्त्रज्ञ हॉलेट यांनीं १९१२ ते १९१५ च्या सुमारास लाविला. सिट्रोनेला तेलाकडे ह्या माश्या कां धांवतात, एवढ्या साध्या कुतूहलांतून तो निघाला. दापोलीच्या कृषि विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा ह्याच तत्त्वावर चालतो. आपल्या तुळशींतहि तें द्रव्य असतें. तें सेवन केलेल्या नराकडे माद्या अधिक ओढल्या जातात, असें पुढें दिसून आलें. म्हणजे सापळ्यांत पडणारा नर भुकेनें नव्हे, प्रणयाच्या तयारींत मरतो.

पतंजलीनें स्वतः केलेल्या हिंसेबरोबर दुसऱ्याकडून करविलेली आणि नुसती अनुमोदिलेली हिंसाहि मोजली आहे. त्या हिशेबांतून बागाइतदार सुटत नाहीं, संशोधक सुटत नाहीं, आणि फोडी खाणारे आपणहि सुटत नाहीं. जैन आचार्यांचा विचार तर येथें फारच अडचणींत टाकतो. शेती करतांना ओघानें होणारी हिंसा आणि संकल्पपूर्वक केलेली हिंसा ह्यांत ते भेद करतात, व दुसरी गृहस्थासहि वर्ज्य मानतात. नांगराखालीं गांडूळ मरतें तें संकल्पानें नव्हे. पण समुद्रापलीकडून माशी आणून ती एका विशिष्ट जीवाच्या पोटांत रुजविणें, ह्याहून शुद्ध संकल्प कोणता? उलट, विषारी फवाऱ्यानें मधमाशी मेली तर फवारणारा म्हणूं शकतो कीं, तिला मारण्याचा माझा हेतु नव्हता. हेतु हीच एकमेव कसोटी धरली तर आंधळें विष निर्दोष ठरतें आणि डोळस माशी दोषी!

हा निष्कर्ष मला मान्य नाहीं. ज्याला परिणाम जाणतां येण्यासारखे होते आणि ज्यानें ते जाणून घेतले नाहींत, त्याला 'हेतु नव्हता' ही सबब मिळतां कामा नये. केरळांतील कासरगोड भागांत काजूच्या मळ्यांवर वीसाहून अधिक वर्षें, २००० सालापर्यंत, आकाशांतून एंडोसल्फान शिंपडलें जात होतें. खालीं विहिरी होत्या, घरें होतीं, मुलें होतीं. त्यांतील एकाहि मुलावर कोणाचा रोख नव्हता. पण त्या गांवांतील व्यंग घेऊन जन्मलेल्या मुलांची छायाचित्रें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांच्यापुढें ही सबब कोणीं मांडून पाहावी. सर्वोच्च न्यायालयानें त्या विषावर देशभर बंदी घातली ती २०११ सालीं.

'नैसर्गिक' ह्या विशेषणानेंहि ही जबाबदारी टळत नाहीं. १८७२ सालीं उंसांतील उंदीर मारण्यासाठीं आपल्याच देशांतून जमैकांत मुंगूस नेलें गेलें. मुंगूस हें काय कमी नैसर्गिक आहे? उंदरांबरोबर त्यानें तेथील पक्षी, सरडे आणि सापहि फस्त केले. १९३५ सालीं ऑस्ट्रेलियांत सोडलेल्या बेडकांची कथा अशीच. पपईची माशी आणि हें मुंगूस ह्यांतील अंतर निसर्गानें पाडलेलें असलें तरी तें ओळखलें मनुष्यानें. ती माशी आणल्यावर प्रथम बंद प्रयोगशाळेंत ठेविली गेली, दुसऱ्या उपयोगी कीटकांस ती अपाय करते कीं काय हें तपासलें गेलें, आणि मगच ती मळ्यांत सोडली. त्या मधल्या काळांत शेतकऱ्यांच्या बागा वाळत होत्या. तरीहि थांबणें भाग होतें. मारण्यापूर्वीं आणखी कोण मरेल हें विचारण्यासाठीं घेतलेला हा अवधि मला केवळ शास्त्राची शिस्त वाटत नाहीं. आपल्या हातून जी हिंसा टळूं शकत नाहीं तिच्या बाबतींत धर्मानें वागणें ह्यापलीकडे फारसें कांहीं असेल असें मला वाटत नाहीं.

ह्या उपायाची आणखी एक अट आहे, ती गिऱ्हाइकास सहसा कोणी सांगत नाहीं. शेवटचा पिठ्या ढेकूण मेला तर त्याच्यावर जगणारी माशीहि मरेल. म्हणून वैरी आणि भक्ष्य दोघेहि थोडेथोडे शिल्लक राहतात. बागेंत कोठेंतरी एखाद्या पानामागें पांढरा ठिपका असणारच, आणि केव्हांतरी तो फळाच्या देठाशीं चिकटून बाजारांत येणारच. "औषध मारलेलें नाहीं ना?" असें विचारणारें गिऱ्हाईक तें फळ हातांत घेतें, फिरवून पाहतें, आणि खालीं ठेवून त्याच्या शेजारचें उचलतें.