ऋण काढून पंगत?

शंका : तुकोबांच्या पालखीतल्या एका दिंडीला आमच्याकडे तीन पिढ्या दुपारचं जेवण असतं. २५ मे २०२५ ला पिंपळी-लिमटेकजवळ नीरा डावा कालवा फुटला. पाणी घरात शिरलं, वर्षाची ज्वारी भिजून वास मारू लागली. महिन्याभरात पालखी आली, तेव्हा दिंडीला नुसता चहा देता आला. सासूबाई म्हणतात, सेवा खंडली. आता पुढच्या वारीला व्याजानं पैसे काढून दुप्पट पंगत घालायची. शेजारी तर म्हणतात, कालवा देवाच्या कोपानंच फुटला.
— एक वाचक भगिनी, बारामती तालुका

समाधान : ताई, शेजाऱ्यांचं आधी उरकू. त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच कोसळला; एरवी ११ जूनच्या सुमारास मुंबईत येणारा मोसमी पाऊस २६ मेलाच हजर झाला. कालव्याच्या भरावाला पाण्याचा लोट सोसला नाही. कोप म्हणावा, तर तो नेमका कालव्याखालच्या घरांवरच का? असं बोलणाऱ्याचं घर बहुधा कोरडं असतं.

आता सासूबाईंचं. त्यांची कळकळ खरी आहे, तिला हसू नका. पण ही पंगत कोणाच्या पालखीला, ते बघा. तुकोबांच्या घरी सावकारी होती. १६३० च्या दुष्काळात त्यांची पत्नी रखमाबाई आणि मुलगा संतू गेले. पुढे वडिलोपार्जित कर्जखतं निघाली तेव्हा अर्धी धाकट्या भावाला, कान्होबाला देऊन आपल्या वाट्याची त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. स्वतःचं घर बसलेलं असताना दुसऱ्याची देणी सोडणाऱ्या माणसाच्या नावानं तुम्ही सावकाराच्या ओट्यावर अंगठा उठवणार? सेवा खंडली म्हणता, तर मला ती चहाच्या पातेल्यात दिसते. चिखल काढलेल्या अंगणात, उसन्या दुधाचा का होईना, चहा उकळला ना? दुप्पट घालून भरायला मागची बाकी कुठली?

त्याच वाटेवर पुढे काटेवाडीला परीट समाज पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या घालतो, मेंढ्यांचं रिंगण होतं. ज्याच्याजवळ जे, ते त्यानं पुढे केलं. शिवाय वारकऱ्यांतही पुष्कळ शेतकरीच. भिजलेली ज्वारी कशी दिसते, हे त्यांना तुम्ही सांगायला नको.

तेव्हा पालखी देहूतून निघायच्या आधीच दिंडीचालकांना फोन करून घरची परिस्थिती मोकळेपणानं सांगा. आळीतली चार घरं मिळून पिठलं-भाकरी करा : एकाचं पीठ, एकाचं बेसन, एकाचं सरपण. शेजाऱ्यांनाही भाकरी थापायला बसवा, तेवढा वेळ कोपाची चर्चा बंद राहील. आणि वाढायला पहिला हात सासूबाईंचाच असू द्या.