अद्भुताचा घरचा छापखाना

मराठीत फँटसी नाही, ही तक्रार हल्ली चांगले वाचणारी माणसेही करतात. इंग्रजीत ड्रॅगन आहेत, जादूगारांच्या शाळा आहेत, आत नकाशे जोडलेले सहाशे-सहाशे पानांचे ग्रंथ आहेत. आपल्याकडे काय, तर भुताच्या गोष्टी आणि पौराणिक कादंबऱ्या. अशा माणसाला मी होळीनंतर सुरगाणा तालुक्यात एक रात्र काढायला सांगतो. नाशिकहून दिंडोरी, वणी, बोरगाव करत गुजरातच्या हद्दीपर्यंत जायचे आणि बोहाडा, म्हणजे मुखवट्यांच्या सोंगांचा रात्रभराचा उत्सव, असेल त्या गावात जेवणखाण उरकून बसायचे.

संबळ आणि पिपाणी सुरू झाली की एकेक सोंग नाचत येते. आधी गणपती, शारदा. मग वेताळ, त्राटिका, नरसिंह, रावण. पहाटेकडे देवी आणि म्हसोबाची झुंज. मुखवटा हलक्या लाकडाचा किंवा कागदाच्या लगद्याचा, माणसाच्या डोक्याच्या दुप्पट. आतल्या माणसाला दिसते ते बेताच्या भोकांतून. त्यामुळे तो पावले नजरेने टाकत नाही, संबळाच्या ठेक्यावर टाकतो. ठेका चुकला तर समोरची म्हातारी माणसे तिथल्या तिथे सुनावतात. बऱ्याच गावांत अमुक सोंग अमुक घराचे, असा मान पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असतो. खर्च वर्गणीतून. तिकीट नाही, आणि हे साहित्य आहे की नाही हे ठरवणारी समितीही नाही.

मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव असतो. माऊल्या म्हणवले जाणारे भक्त व्रत पाळून पावरीच्या सुरावर नाचतात, शेवटी डोंगरावर रात्र काढतात. ऐन दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते आणि शिवेवरच्या वाघदेवाला नैवेद्य जातो. वाघदेवाच्या पाटावर वाघाच्या जोडीला चंद्र, सूर्य आणि नागही कोरलेले असतात. आणि थाळकथा तर वेगळ्याच. काशाच्या थाळीत मेणाने एक काडी उभी चिकटवायची आणि बोटांनी ती वरून खाली ओढत राहायची. त्या गुंजारवावर कथेकरी रात्रभर कणसरीची, म्हणजे धान्याच्या देवीची, जन्मकथा सांगतो. टॉल्किनने ज्यासाठी अख्खे आयुष्य खर्च केले ते सगळे इथे आहे: सृष्टीची उत्पत्ती, वंशावळी, निषिद्ध डोंगर, बोलणारी जनावरे. कल्पनाशक्तीची चणचण या भागाला कधीच नव्हती. अडले ते कागदापाशी.

आणि कागदाचीही सुरुवात वाईट नव्हती. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ची, वास्तवाला धरून चालणारी. पण तिच्यामागून हळब्यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि रिसबुडांची ‘मंजुघोषा’ (१८६८) आल्या त्या अद्भुताचा हात धरूनच. ‘मंजुघोषे’त तर चक्क विमान उडते. पुढे हरिभाऊ आपटे आले आणि चांगली कादंबरी म्हणजे घरातल्या, समाजातल्या खऱ्या दुःखाची कादंबरी, असा दंडक पडला. हरिभाऊंचा यात दोष नाही. ते होतेच तेवढे मोठे. पण त्यांच्यानंतर अद्भुताला माजघरातून ओसरीवर आणि ओसरीवरून अंगणात काढले गेले. नाथमाधवांची ‘वीरधवल’ (१९१३) लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या वाचली, पण समीक्षकांच्या लेखी ती करमणूक. मग उरले बालवाङ्मयाचे कपाट आणि ‘नवल’, ‘धनंजय’ यांसारखे दिवाळी अंक. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांना आपण गूढकथेच्या खुंटीला टांगून ठेवले. जी. ए. कुलकर्णी मोठेच, तेव्हा त्यांना रूपककथाकार म्हटले. म्हणजे फँटसी म्हणायचे टळले!

कुठून सुरुवात करावी असे कोणी विचारले तर मी ‘रमलखुणा’तल्या ‘इस्किलार’कडे बोट दाखवतो. कुठल्याही नकाशावर नसलेला प्रदेश निव्वळ भाषेच्या बळावर कसा उभा राहतो, ते तिथे शिकावे. मग धारप. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’मागे (२०१८) धारपांच्या कथेचा धागा आहे, हे चित्रपट पाहिलेल्या अनेकांना ठाऊक नसते. घरात लहान मूल असेल तर मतकरींचे ‘निम्मा शिम्मा राक्षस’. टॉल्किनच्या अनुवादात मुग्धा कर्णिक यांचे ‘स्वामी मुद्रिकांचा’. इंग्रजी चालत असेल तर उर्सुला ले ग्विनची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) चुकवू नये. तिच्या जगात वस्तूचे खरे नाव ज्याला कळले त्याची त्या वस्तूवर सत्ता चालते. रात्री सापाला साप न म्हणता ‘लांबडं’ म्हणणाऱ्या घरात वाढलेल्यांना हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. आणि नायजेरियाच्या आमोस टुटुओलाचे ‘द पाम-वाइन ड्रिंकार्ड’ (१९५२). योरुबा लोककथा त्याने आपल्या मोडक्यातोडक्या, झिंगलेल्या इंग्रजीत लिहिल्या आणि लंडनच्या फेबरने त्या तशाच छापल्या. सुरगाण्यातल्या लिहित्या पोराने बाकी काही नाही वाचले तरी चालेल, हे वाचावे.

पण सुरगाण्याला फेबर कुठून मिळणार? म्हणून स्वप्रकाशन. हा शब्द काढला की आपल्याकडे नाके मुरडली जातात: कोणी छापले नाही म्हणून स्वतः छापले, असा सूर. फँटसीच्या इतिहासात मात्र उलटे दिसते. विल्यम मॉरिस, ज्याला आधुनिक फँटसीचा आद्यपुरुष मानतात आणि ज्याचे ऋण टॉल्किनवर होते, त्याने १८९१मध्ये हॅमरस्मिथला स्वतःचा केल्मस्कॉट छापखाना काढला. त्यातून बाहेर पडलेले पहिले पुस्तक त्याचीच अद्भुत कथा होती, ‘द स्टोरी ऑफ द ग्लिटरिंग प्लेन’. कागदी प्रती २००. त्याच दशकात काशीला देवकीनंदन खत्री ‘चंद्रकांता’च्या पुढच्या पिढीची गोष्ट लिहीत होते. चकिया-नौगढच्या जंगलांचे ठेके घेणारा हा माणूस. तिथले पडके किल्ले आणि गुहा पाहता पाहता त्याला तिलिस्म सुचले, आणि १८९८मध्ये त्याने स्वतःचा लहरी प्रेस सुरू केला. ती पुस्तके वाचता यावीत म्हणून लोक नागरी लिपी शिकले, असे हिंदीवाले अजून अभिमानाने सांगतात. (जंगलाचे ठेकेदार आमच्या डांगातही आले. त्यांनी साग नेला. कादंबरी कोणी लिहिली नाही.)

अलीकडचे दाखलेही आहेत. ख्रिस्तोफर पाओलिनीची ‘एरागॉन’ २००२मध्ये त्याच्या आईवडिलांनी घरून छापली. पोरगा मध्ययुगीन वेष करून शाळा-ग्रंथालयांतून ती विकत हिंडला. बोहाड्यातल्या माणसाला हे सोंग लगेच ओळखू येईल. मुंबईच्या अमीश यांना वीसेक प्रकाशकांनी नकार दिल्यावर ‘मेलूहा’ २०१०मध्ये स्वतःच्या हिमतीवर बाजारात आली. पहिले प्रकरण त्यांनी दुकानांतून फुकट वाटले होते.

आपल्या भाषेतही थांबण्याचे आणि न थांबण्याचे दाखले आहेत. जोतीराव फुल्यांचे ‘तृतीय रत्न’ १८५५मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटीने नाकारले, आणि ते छापील रूपात यायला शतकाहून अधिक काळ गेला. नकार मिळाल्यावर वाट पाहत बसले की काय होते, त्याचे हे उदाहरण. ताराबाई शिंदे यांनी वाट पाहिली नाही; ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२मध्ये पुण्याच्या छापखान्यातून बाहेर पडली. अशोक शहाण्यांच्या प्रास प्रकाशनाने अरुण कोलटकरांच्या कविता आणल्या. कोलटकरांना मोठ्या प्रकाशकाचे दार ठोठावावेसे वाटले नाही, त्यात मराठीचे काही नुकसान झालेले दिसत नाही.

एक भेद मात्र नीट करायला हवा. लेखकाकडून पैसे घ्यायचे, वर आपले बोधचिन्ह लावायचे आणि प्रतींचे गठ्ठे लेखकाच्याच घरी पोचवायचे, या धंद्याला स्वप्रकाशन म्हणू नये. तिथे लेखकाचे पैसेही जातात आणि हक्कही. स्वप्रकाशनात पैसे आपले जातात, पण हक्क, किंमत, मुखपृष्ठ आणि पुढच्या आवृत्तीचा निर्णय आपल्याकडे राहतो. फँटसीला तर याची निकड जास्त. तीन खंडांची मालिका पहिल्या खंडाच्या खपावर तोलणारा प्रकाशक दुसरा खंड थांबवू शकतो. बोलीतले संवाद ‘प्रमाण’ करून मागू शकतो. नकाशाचे पान वाढले की कुरकुरतो. बिचाऱ्याचेही बरोबरच असते, फर्म्याचा हिशेब त्याला जुळवायचा असतो.

मला स्वप्रकाशनात धास्ती एकाच गोष्टीची वाटते: संपादक नसतो. फँटसीत ही उणीव फार महाग पडते. सामाजिक कादंबरीत चूक झाली तर वाचक स्वतःच्या अनुभवाने ती भरून काढतो. कल्पित जगाला तो आधार नाही. तिसऱ्या प्रकरणात मंत्र उच्चारला की माणूस दुबळा होतो आणि अकराव्यात तोच मंत्र लागोपाठ चारदा म्हणून नायक घोड्यावर बसतो, असे झाले की वाचक पुस्तक मिटतो. म्हणून मुखपृष्ठावर खर्च करायच्या आधी दोन खडूस वाचक गाठावेत आणि मुद्रितशोधकाला रीतसर पैसे द्यावेत. बोहाड्यात संपादक समोरच बसलेले असतात. लिहिणाऱ्याने हस्तलिखित त्याच माणसांना मोठ्याने वाचून दाखवावे. कुठे जांभया येतात ते कळते.

बोलीत लिहायचे की प्रमाण मराठीत, हा वाद मी घालत नाही. गुजरातेत डाह्याभाई वाढू यांनी कुंकणा बोलीतली रामकथा लिहून काढली, आणि गणेश देवी यांच्या भाषा संस्थेच्या ‘ढोल’ने आदिवासी भाषांना स्वतःचे नियतकालिक दिले. हद्दीच्या अलीकडे तीच बोली बोलणारी, बारावी-पदवी झालेली, मोबाइलवर मराठी टंकणारी पिढी आहे. संग्रह करणाऱ्यांनी आपले काम केले. आता त्या मुलुखातून सही केलेली, नव्या गोष्टीची, आपल्या मनाने रचलेली पुस्तके यायला हवीत. वेताळ मुंबईच्या लोकलमध्ये बसवावा, नाहीतर नार-पार नद्यांच्या पाण्यावरून डोंगरांचे आपसांत भांडण लावावे. २०१८च्या मार्चमध्ये शेतकरी मोर्चात नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेलेल्या माणसांच्या तालुक्याला महाप्रवासाची कथा कशी असते, हे टॉल्किनकडून शिकावे लागणार नाही.

व्यवहार सोपा झाला आहे. डिजिटल छपाईत शे-दोनशे प्रती निघतात, हजाराची आवृत्ती काढून माळ्यावर रचायला नको. भारतात आयएसबीएन क्रमांक फुकट मिळतो. किंडलवर मराठी ई-पुस्तक स्वतः चढवता येते. पहिल्या पुस्तकासाठी राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिचाही विचार करावा. तेव्हा सुरगाणा, पेठ, कळवणमधल्या शिक्षकांना आणि लिहित्या मुलांना विनंती: दोनशे प्रती काढा, वर्गणी आधी गोळा करा, आणि पहिली विक्री बोहाड्याच्या रात्री गावातच करा. १९५४च्या कायद्याप्रमाणे पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरवून दिलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांत एकेक पाठवावी लागते. तेवढ्या न विसरता पाठवा.